पहिली चकती

त्याला कानसेन हे नाव पडलं ते कौतुकाने की टिंगलीने, हे त्याच्या मित्रांमध्ये अजून ठरलेलं नाही. त्याला स्वतःला विचाराल तर कौतुकाने. दिवसभर तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा, लोकांच्या डोळ्यांची सोय लावायचा. आणि घरी आला की कानांचा उद्योग सुरू. गॅलरी बंद करून काढलेल्या चिंचोळ्या खोलीत त्याचं टेबल होतं, त्यावर तारा जोडायचं सोल्डरिंगचं सामान, आणि भिंतीवर प्लास्टिकचे छोटे छोटे खण. गिटार त्याला बेताचीच यायची. पण गिटार आणि अँप, म्हणजे आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, यांच्यामध्ये, वाजवणाऱ्याच्या पायाशी ज्या डब्या असतात, ज्यांना कुणी पेडल म्हणतं तर कुणी इफेक्ट, त्या बनवण्यात त्याचा हात धरणारं ओळखीत कुणी नव्हतं. साधासुधा सूर एका बाजूने आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने फाटून, घुमून, गुरगुरत बाहेर पडतो, तो सगळा कारभार या डब्यांत चालतो.

आणि त्या कारभारात कानसेनचा जीव अडकला होता तो कपॅसिटरमध्ये. कपॅसिटर हा सर्किटमधला दरवान. कुठल्या सुराला पुढे सोडायचं आणि कुठल्याला दारातच अडवायचं, हे तो बघतो. एकाच कामाचे कपॅसिटर बाजारात निरनिराळ्या जातींचे मिळतात. सिरॅमिकचे म्हणजे भाजलेल्या मातीच्या तपकिरी चकत्या, डाळीच्या दाण्याएवढ्या, मूठभर घ्या नाहीतर ओंजळभर, दुकानदार मोजायच्या भानगडीत पडत नाही. फिल्मचे म्हणजे चौकोनी, चकचकीत, दिसायला देखणे आणि तोऱ्यात बसणारे. कानसेनचं तत्त्व सरळ होतं. कुणाचीही डबी हातात आली की उघडायची, सिरॅमिक दिसली की उपटायची, तिथे फिल्म बसवायचा.

"सिरॅमिक म्हणजे गोणपाटाचा सदरा," तो म्हणायचा. "अंग झाकतं, नाही असं नाही. पण लग्नाला कुणी घालून जातं का?"

मित्र म्हणायचे, आम्हाला तर दोन्ही सारखेच ऐकू येतात रे. त्यावर तो डोळे मिटून मान हलवायचा. "तुमचे कान तयार नाहीत," म्हणायचा. खरं सांगायचं तर निम्म्या वेळेला त्यालाही फरक कळायचा नाही. पण एकदा कानसेन म्हणवून घेतल्यावर माणूस माघार कुठल्या तोंडाने घेणार?

एका शनिवारी त्याची भाची आली, पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक डबा घेऊन. डबा तिच्या बाबांचा, म्हणजे कानसेनच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. भावोजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. गिटार आपली आपणच शिकले आणि हा डबाही आपला आपणच केला, बंद पडलेल्या रेडिओंच्या पोटातले भाग काढून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवून. आयुष्यात त्यांनी एवढा एकच बनवला आणि शेवटपर्यंत तोच वाजवला.

"रंगकामासाठी कपाट सरकवलं ना, तेव्हा पडला," भाची म्हणाली. "आत एक वायर सुटलीय, मामा. तेवढी जोडून दे. आणि बाकी काही करू नकोस हं. आईने बजावून सांगितलंय, बाकी आहे तसं असू दे म्हणून."

"बाकी काही म्हणजे?"

"म्हणजे तू जे करतोस ते," भाची म्हणाली आणि हसली. कानसेनही हसला. त्याला ती स्तुतीच वाटली.

या डब्याची आणि त्याची ओळख जुनी होती. भावोजींच्या डब्याला एक खोड होती. झाकणावर बोटाने टकटक केलं की अँपमधून आवाज यायचा, आतल्या बाजूने कुणी दार वाजवावं तसा. पूर्वी कधीतरी सगळे जमलेले असताना कानसेनने ते ऐकलं होतं आणि भर बैठकीत रोगनिदान केलं होतं. "भावोजी, हा सिरॅमिकचा आजार. ही माती हलली की स्वतःच इवलीशी वीज सोडते, आणि सर्किटमधली मागची मंडळी ती इवलीशी कुजबुज वाढवून वाढवून तिचा ढोल करतात. हा डबा नाही, हे तुमच्या घराचं दार आहे!" सगळे हसले होते. भावोजींनी विचारलं होतं, "मग उपाय काय, डॉक्टर?" तो म्हणाला होता, एक दिवस माझ्याकडे द्या, सगळ्या चकत्या काढून टाकतो. भावोजी झाकणावरून हात फिरवत म्हणाले होते, "असू दे, असू दे. सोबत होते त्याची."

आता तोच डबा उघडून त्याने दिव्याखाली धरला आणि त्याच्या अंगावर काटा आला. काय ती वायरींची गुंतवळ, काय ते सोल्डरचे गोळे! हवा तो आकडा मिळाला नाही म्हणून दोन-दोन चकत्या एकमेकींना बांधून संसार थाटलेला. सुटलेली वायर त्याने जोडली; ठेवलेला चहा गार व्हायच्या आत ते काम झालंसुद्धा. आता एकच करायचं होतं. डबा अँपला लावायचा, एकदा ऐकायचं, झाकण लावायचं. ते त्याने केलं नाही. तो नुसता बघत बसला. दिवसभर लोकांना भिंगातून बघायला शिकवणाऱ्या माणसाला त्या तपकिरी चकत्या बघवेनात.

आणि मनात आणखीही एक होतं, ते त्याने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. भावोजींच्या शेवटच्या दिवसांत त्याचं जाणं-येणं फारसं झालं नव्हतं. तेव्हा जे राहून गेलं ते आता हातांनी भरून काढावं, असं त्याला वाटत होतं. ताईला असा डबा करून द्यायचा की तिने म्हणावं, ह्यांनीही असा केला नसता.

बायको दारात आली. "अहो, तिने वायर सांगितली ना?"

"वायरच करतोय."

"मग ती पक्कड कशाला लागतेय?"

"तुला त्यातलं कळत नाही," तो म्हणाला. बायकोला त्यातलं कळत नव्हतं हे खरं, पण ज्यातलं कळायला हवं होतं त्यातलं कळत होतं. ती आत निघून गेली.

त्याने एकेक चकती तिचे तारांचे पाय कापून काढली आणि टेबलाखालच्या बरणीत टाकली. त्या बरणीत त्याने आजवर इतरांच्या डब्यांतून उपटलेल्या सगळ्या चकत्या होत्या. शिकारी मुंडकी जमवतो तसा हा चकत्या जमवायचा. जागोजाग नवे फिल्म कपॅसिटर बसले. वायरी सरळ झाल्या. सोल्डरचे टाके मोत्यासारखे दिसायला लागले. बरणी खणखण हलवून त्याने बाजूला सारली आणि आपल्याच कामाकडे बघत बराच वेळ बसून राहिला. त्याला खरोखर आनंद झाला होता.

रविवारी तो डबा घेऊन ताईकडे गेला. ताईने दार उघडलं आणि तिची नजर थेट पिशवीवर गेली. ये म्हणायचीही ती विसरली. आपल्या कामाची एवढी वाट बघितली जातेय म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? त्यालाही वाटलं. अँप होता तिथेच होता, खिडकीखालच्या खुर्चीशेजारी, भावोजींच्या खुर्चीशेजारी. भाचीने गिटार जोडली आणि दोन-चार सूर वाजवले.

"छान येतोय," ती जरा जपून म्हणाली. "बाबांच्या वेळेपेक्षा स्वच्छ आहे."

"स्वच्छ! बरोबर बोललीस. हाच तो शब्द."

एवढ्यावर तो थांबला असता तरी निभावलं असतं. पण हात दाखवून अवलक्षण करण्यात काही माणसांचा हातखंडा असतो. "थांबा, खरी गंमत पुढेच आहे," तो म्हणाला. "ताई, याचा तो रोग आठवतो का? जरा ठोकलं की बोंबलायचा तो?" त्याने खाली वाकून झाकणावर जोरात टकटक केलं. अँप गप्प. नुसती नेहमीची बारीक गुणगुण. "बघ! काही नाही! तू ठोकून बघ. हवी तर हातोडी आण."

ताई पुढे आली. खुर्चीच्या हाताला धरून वाकली आणि मधल्या बोटाच्या पेराने तिने झाकणावर दोनदा ठोकलं, अगदी हळू. मग मान जराशी कलती करून थांबली. पुन्हा दोनदा ठोकलं. पुन्हा थांबली.

"मुळापासून काढला," कानसेन म्हणाला. "सगळ्या चकत्या उपटून टाकल्या."

"टाकल्यास?"

"एकूणएक!"

"छान केलंस," ताई म्हणाली आणि आत गेली. आत नळ सुटल्याचा आवाज आला. तो नळ बराच वेळ वाहत राहिला, आणि खाली भांडं ठेवल्याचा आवाज काही आला नाही.

भाची त्याला सोडायला म्हणून जिन्यापर्यंत आली आणि पहिल्याच वळणावर तिने त्याला थांबवलं. तिचा आवाज खाली होता, पण चेहरा असा की कानसेनने कठडा धरला.

"मामा, तुला काय सांगितलं होतं मी?"

"अगं, पण आता किती चांगला..."

"बाबांचा आवाज गेला होता शेवटी, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. घशाचं ऑपरेशन झालं आणि भावोजींचा आवाज गेला. त्यानंतर तो भेटायला गेला होता, पण समोरचा माणूस नुसता हसतोय, मान हलवतोय, बोलत काहीच नाही, हे त्याला झेपेना. ती शांतता अंगावर यायची म्हणून तो कपॅसिटरवर अखंड बोलत सुटला होता, आणि भावोजी ऐकत होते. मग तो जायचाच थांबला. फोनवर ताईला विचारायचा, कसे आहेत, येतो या आठवड्यात. दुकानात काम होतं. काम काय, नेहमीच असतं.

"आई आत स्वयंपाकघरात असली की ते हाक कशी मारणार?" भाची म्हणाली. "मी घंटी आणून दिली होती. ती त्यांना नको होती, दवाखान्यात असल्यासारखं वाटतं म्हणून. मग ते खुर्चीत बसून अँप लावायचे आणि डब्यावर ठोकायचे. दोनदा. आई आतून 'आले, आले' म्हणत यायची. कधी पाणी हवं असायचं, कधी खिडकी लावायची असायची. कधी काहीच नको असायचं, मामा. नुसतं ये म्हणून ठोकायचे."

भाचीने वर दाराकडे एकदा बघून घेतलं.

"ते गेल्यावरही आई रोज संध्याकाळी अँप लावते. डबा पुसते, दोनदा ठोकते, बंद करते. तिला वाटतं मला माहीत नाही. वायर सुटली तेव्हापासून तेही बंद झालं होतं. म्हणून तर तुझ्याकडे आणून दिला."

"मग हे आधी सांगायचंस ना मला," तो म्हणाला, आणि शब्द तोंडातून सुटताक्षणी त्याला जीभ चावावीशी वाटली. कारण सांगितलं होतं. बाकी काही करू नकोस, एवढं सांगितलं होतं. ते ऐकायला तयार कान लागत नव्हते. कुणा पोरासोराचे दोन साधे कान पुरले असते.

भाचीने वर जाऊन डबा आणला आणि पुन्हा त्याच्या पिशवीत ठेवला. घरी जाताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वाटेत ओळखीचा कुणी दिसला की तो दुकानांच्या पाट्या वाचायला लागायचा. राहून राहून त्याला ताईचं ते वाकणं दिसत होतं, ती कलती मान, आणि तिच्या डोक्यावर उभं राहून 'हातोडी आण' म्हणणारा आपला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. तेवढा मात्र अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

आल्या आल्या त्याने बरणी ताटात ओतली. बायकोने विचारलं काय झालं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं, मान वर न करता. बायकोने 'मी म्हटलं नव्हतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याला जरा हलकं तरी वाटलं असतं.

आता एकच चकती शोधायची होती. गिटारचा सूर डब्यात शिरल्यावर पहिल्यांदा जिच्यापाशी पोहोचतो ती, पहिली चकती. तिच्या मागे सगळं यंत्र उभं, म्हणून तिचीच कुजबुज मोठी होऊन अँपपर्यंत जायची. बाकीच्या बदलल्याने फारसं बिघडलं नव्हतं. पण नेमकी हीच बोलणारी होती, आणि तिलाच त्याने बाकीच्यांसोबत खणखण हलवून टाकलं होतं. ताटात एकीसारखी एक पडलेल्या. वरचे आकडे पुसलेले, पाय सगळ्यांचेच कापलेले, कारण कापणारा एकच. जुनाट, मळकट सोल्डर चिकटलेल्या वेगळ्या काढल्या तरी डझनावारी उरल्या.

त्याने एक डब्यात बसवली आणि ठोकली. टण वाजलं. दुसरी लावली, ती ठप म्हणाली. तिसरी कुडकुडली, चौथी मुकीच निघाली. आवाज सगळे वेगळे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला चकती-चकतीतला फरक इतका लख्ख कळत होता. पण त्यांतला भावोजींचा कुठला? त्याने डोळे मिटले आणि ती जुनी बैठक आठवून पाहिली. आपण काय बोललो, ते शब्दन् शब्द आठवलं. डॉक्टर, रोग, घराचं दार, कोण किती हसलं, सगळं आठवलं. डब्याचा आवाज आठवला नाही. तेव्हाही त्याने ऐकला कुठे होता? विनोद सुचायला एक टकटक पुरली होती.

मग त्याने आणखी एक गोष्ट केली, जी केली नसती तर बरं झालं असतं. त्यातल्या त्यात दारासारखी वाजणारी एक चकती निवडली, ती पक्की बसवली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून परस्पर ताईकडे गेला. पुरती खात्री नव्हती, म्हणून बाकीच्या चकत्या आणि सोल्डरिंगचं सामान पिशवीत होतं.

"सापडली, ताई," त्याने दारातूनच सांगितलं. "वरवरच पडली होती. होती तशी बसवून आणली."

ताईने हातातलं काम टाकलं. तिने काही विचारलं नाही, भाचीने जिन्यात काय सांगितलं असेल ते तिला कळलंच होतं. त्याने डबा खुर्चीजवळ ठेवून अँप लावला. ताईने दोनदा ठोकलं आणि अँप टण टण बोलला. क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की कानसेनला वाटलं, सुटलो. मग ती हळूच म्हणाली, "हे नव्हे."

"हीच होती ताई. मीच काढली, मला माहीत नाही का? वर्ष झालं आता. इतक्या दिवसांनी कानाला वेगळं वाटणारच."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो शेजारच्यांची काच फोडून आला होता आणि मी नाही म्हणाला होता, तेव्हा पाहिलं होतं तसं. "माझे कान तयार नसतील," ती म्हणाली.

त्याचा चेहरा कानापर्यंत तापला. हे त्याचंच वाक्य होतं, मित्रांच्या तोंडावर मारायचं. ताईने ते कधी ऐकलं, कुणास ठाऊक. पण परत आलं ते बरोबर धन्याच्याच दारी आलं. तो खाली फरशीवर बसला. 

"खोटं बोललो, ताई. ही दुसरीच कुठलीतरी आहे. त्यांची कुठली, ते मला माहीत नाही. काढायच्या आधी मी एकदाही ऐकलं नाही. नुसतं बघितलं आणि काढलं." त्याला आणखीही म्हणायचं होतं. "तेव्हाही मी आलो नाही. ते बोलत नव्हते म्हणून यायची भीती वाटायची मला. लाज वाटते गं ताई."

 असं काही होत नाही रे, असं ताई म्हणाली नाही. जाऊ दे, असंही म्हणाली नाही. "बाकीच्या कुठे आहेत?" तिने विचारलं.

"पिशवीत."

"मग लाव एकेक. मी सांगते." ती आत जायला वळली.

"इथे बस ना. इथून नीट कळेल."

"इथे बसून मला नाही कळायचं," ताई म्हणाली. "मी ते कायम आतून ऐकलंय."

ती स्वयंपाकघरात गेली. भांडी घासायला घेतली असावीत. कानसेनने टेबल खिडकीपाशी ओढलं, फरशीवरून हात पोहोचेना म्हणून खुर्चीत बसला आणि सोल्डरिंगची कांडी तापवली. एक चकती टाक्यापुरती जोडायची, झाकण ठेवायचं, दोनदा ठोकायचं, वाट बघायची.

"हे नाही," आतून आवाज आला.

दुसरी.

"नाही."

पुढची जोडून त्याने ठोकलं.

"हे काय! पातेलं पडल्यासारखं वाटतंय."

तो एकेक करत गेला. नाही म्हटलेल्या चकत्या एका बाजूला ठेवत गेला, आणि या वेळी फेकल्यासारख्या ठेवल्या नाहीत. आतून कधी नुसतं "अं हं" यायचं, कधी काहीच यायचं नाही आणि मग तो पुन्हा ठोकायचा. एकदा ताई म्हणाली, "जरा हळू ठोक रे, ते असं धाडधाड नाही ठोकायचे." त्याने बोट बदललं. मधल्या बोटाच्या पेराने, हळू, तिने ठोकलं होतं तसं ठोकायला लागला. बाजूला ठेवलेल्या चकत्या वाढत गेल्या आणि उरलेल्या कमी होत गेल्या. कदाचित तिचे पाय कापतानाच ती दुखावली असेल, आता ती बोलणारच नाही, अशी शंका त्याला यायला लागली. कदाचित ती या चकत्यांत नसेलच, घरी टेबलाखाली कुठेतरी घरंगळली असेल. आता हात फक्त सवयीने चालत होते.

त्याने आणखी एक जोडली. कडेला टवका उडालेली, दिसायला सगळ्यांत दरिद्री. झाकण ठेवलं, दोनदा ठोकलं. अँपमधून बसका, जरासा घोगरा आवाज आला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

"आले, आले," आतून ताई म्हणाली.

नळ बंद झाला. घाईची पावलं आली. ओले हात पुसायचेही राहिलेली ताई दारात उभी राहिली, काय हवंय विचारायला तोंड उघडलेलं, आणि चेहऱ्यावर अशी काही लगबग की कानसेनने ती वर्षभरात पाहिली नव्हती. तिने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत तो होता, हात अजून झाकणावर.

"तूच होय," ती म्हणाली.

तो ताडकन उठला. कुणाच्या तरी जागेवर बसलेलो सापडलो, असं त्याला झालं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण हीच का, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही आणि विचारायची गरजही नव्हती. ताईने पुढे येऊन ओला तळहात झाकणावर ठेवला. पाण्याचा ओघळ पत्र्यावरून खाली गेला. तिचे ओठ हलत होते, पण ती काही बोलली नाही, आणि या वेळी कानसेनने ती शांतता बोलून भरून टाकली नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पक्की कर आता. आणि पुन्हा ठोकू नकोस."

ती आत गेली. त्याने उभ्यानेच, खुर्चीला न टेकता, ती दरिद्री चकती पक्की केली. भोवती त्याचे देखणे, चौकोनी कपॅसिटर रांगेत बसले होते. त्यांच्याकडे त्याला बघवेना. त्याने झाकणाचे स्क्रू आवळले आणि पाण्याचा ओघळ बाहीने पुसला. हातून झालेलं प्रत्येक काम तो शेवटी एकदा ठोकून बघत असे. हे काम मात्र त्याने न तपासताच खुर्चीपाशी ठेवलं, आणि दार वाजणार नाही असं ओढून घेऊन निघून गेला.